मूत्रपिंडाची गाठ आणि स्कॅनची साक्ष

‘स्कॅन केला म्हणजे गाठ विरघळते काय?’ असे आम्हांला कामगार वस्तीत पुष्कळदा विचारतात. विरघळते ती औषधाने. स्कॅन फक्त साक्ष देतो. पण मूत्रपिंडाच्या कर्करोगात त्या साक्षीवर पुढचे सारे उपचार अवलंबून असतात.

नंदाखालहून विरार गाठून आपली माणसे परळच्या टाटा रुग्णालयात जातात. १९४१ साली ते सुरू झाले तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिला रुग्ण तपासला तो १९७१ मध्ये. हे यंत्र क्ष-किरणांनी शरीराचे पातळ काप दाखवते, पाव कापल्यासारखे. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव दिला की रक्ताने भरलेली गाठ उजळते. छातीही तपासतात, कारण हा रोग फुप्फुसात पसरतो.

मोजमापाचा नियम सरळ आहे. निवडलेल्या गाठींच्या लांबींची बेरीज १०० मिलिमीटर असेल आणि ती ७० वर आली, तर औषध लागू पडले. सर्वांत कमी बेरजेपेक्षा ती २० टक्के व किमान ५ मिलिमीटर वाढली, तर रोग वाढला. परंतु गाठीचा रक्तपुरवठा तोडणारी औषधे तिला आतून मारतात. ती काळी पडते, आकार मात्र फारसा घटत नाही. प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांनी तर क्वचित गाठ आधी फुगते. एका फोटोवरून हाय खाऊ नये ते यासाठी.

पेट स्कॅनचा मोह अनेकांना होतो. त्यातली किरणोत्सारी साखर लघवीवाटेच बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडच चकाकते आणि गाठ झाकली जाते. महाग ते चांगले, हा हिशेब इथे चालत नाही.

एकच मूत्रपिंड उरले असेल तर स्कॅनपूर्वी क्रिएटिनिन तपासून घ्यावे. ते वाढलेले असल्यास डॉक्टर द्रवाबाबत विचार करतात किंवा एमआरआय सुचवतात. जुन्या फिल्म नि सीडी न चुकता न्याव्यात. तुलनेवाचून नवा फोटो अर्धा मुका.

औषध चालू असता साधारण दोन-तीन महिन्यांनी स्कॅन होतो, आणि रोजंदारीवरचा माणूस खाडा पडेल म्हणून नेमका तोच चुकवतो. गाठ त्याच्या रजेची वाट पाहत नाही. राज्य विमा योजनेत कर्करोग दीर्घ आजारांत मोडतो. नोकरीची व वर्गणीची अट पुरी असेल आणि डॉक्टरांनी कामास असमर्थ ठरवले असेल, तर वेतनाच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. प्रमाणपत्र तेवढे वेळेवर दाखल करावे लागते.