पहिलें पिस्तूल कोणतें घ्यावें?



माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें पिस्तुलांविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु त्यास कारण घडलें. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेंतील अलास्का प्रांतीं स्थायिक झाला आहे. उन्हाळ्यांत तो ओढ्याकांठीं मासे धरावयास जातो. त्याच माशांसाठीं तेथें अस्वलेंहि येतात, आणि तीं आपल्याकडील अस्वलांच्या कितीतरी पट मोठीं असतात. गेल्या वर्षीं त्याचें पत्र आलें: “गुरुजी, दुकानदारानें दोन शस्त्रें पुढें ठेविलीं आहेत. एक ४५ चें पिस्तूल, दुसरें ४४ मॅग्नमचें रिव्हॉल्वर. आजवर मीं बंदूक हातीं धरलेली नाहीं. घरीं पांच वर्षांची मुलगी आहे. कोणतें घेऊं?”

प्रश्न दूरदेशींचा खरा. पण त्यांतील विचार कोणासहि उपयोगी पडेल असा आहे. म्हणून मीं त्यास जें लिहिलें, तेंच आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम या दोघांची ओळख करून घेऊं. ४५ चें पिस्तूल ही जॉन ब्राउनिंग या कल्पक कारागिराची कृति. मार्च १९११ मध्यें अमेरिकी सैन्यानें त्याची कसोटी घेतली. ६,००० गोळ्या झाडल्या, तरी तें एकदांहि अडलें नाहीं. त्याच्या प्रतिस्पर्धी पिस्तुलास हें साधलें नाहीं. त्याच महिन्याच्या २९ तारखेस सैन्यानें तें स्वीकारलें, आणि १९८५ पर्यंत तेंच तेथील सैन्याचें मुख्य पिस्तूल होतें. त्याच्या मुठींत सात काडतुसांची पेटी बसते. एक गोळी सुटली कीं वरचें सरकतें कवच मागें जाऊन रिकामें काडतूस फेकतें व पुढें येतांना नवें भरतें.

४४ मॅग्नम हें काडतूस १९५५ सालीं स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या कंपन्यांनीं बाजारांत आणलें. तें ज्या रिव्हॉल्वरांतून झाडतात त्याच्या फिरत्या चक्रांत बहुधा सहा घरें असतात. गंमत अशी कीं नांवांत ४४ असलें तरी गोळीचा खरा व्यास ०.४३ इंचाहूनहि किंचित् कमीच आहे.

मग यांत बलवान कोण? आंकडा मोठा तें शस्त्र मोठें, असें सामान्यतः वाटतें. तें चूक आहे. दोन्ही गोळ्यांचें वजन सुमारें १५ ग्रॅम. परंतु ४५ ची गोळी सेकंदास सुमारें २५५ मीटर जाते, तर मॅग्नमची सुमारें ४१०. वेग दुप्पट झाला तर शक्ति चौपट होते, हा शाळेंतील नियम आपणांस आठवत असेल. त्या हिशेबानें मॅग्नमच्या गोळीची शक्ति अडीच पटींहून अधिक भरते. अस्वलाच्या जाड चामड्यास व हाडांस भेदावयाचें असेल तर हा फरक क्षुल्लक नव्हे.

परंतु न्यूटनचा तिसरा नियमहि विसरतां येत नाहीं. गोळी जितक्या जोरानें पुढें जाते तितकाच रेटा हाताला मागें बसतो. रिव्हॉल्वर थोडें जड असूनहि त्याचा धक्का पिस्तुलाच्या दुपटीहून अधिक असतो. शिवाय पिस्तुलाचें कवच मागें सरकत असल्यानें तेथें धक्का किंचित् विभागला जातो. रिव्हॉल्वरचा धक्का एकदम मनगटावर येतो.

याचा परिणाम काय होतो तें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. शाळेंत मी राष्ट्रीय छात्रसेनेचें काम पाहत असें. तेथील २२ च्या रायफलीला धक्का जवळजवळ नसतोच. तरी एका शिबिरांत आमचा सर्वांत दणकट, आखाड्यांत मुरलेला मुलगा चाप ओढतांना डोळे मिटून घेई, आणि गोळ्या मातींत जात. त्याच्या शेजारचा किडकिडीत मुलगा मात्र नेम साधी. दोष माझाच होता. “आवाजाला भिऊं नका” असें मींच आधीं बजावून भीति पेरली होती. पुढें रिकाम्या रायफलीवर दोन दिवस चाप ओढण्याचा सराव दिला, तेव्हां त्याचे डोळे उघडे राहूं लागले. २२ ची ही कथा, तर मॅग्नमची काय होईल! पहिल्या दिवशीं बसलेली भीति हातांतून लवकर जात नाहीं. आणि चुकलेल्या गोळीची शक्ति कितीहि असो, तिचा उपयोग शून्य.

एवढ्यावरून ४५ चेंच पिस्तूल घ्यावें असें वाटेल. परंतु दुसरी बाजू आहे. पिस्तुलांतील पेटी काढली कीं तें रिकामें झालें, असें नवशिक्यास वाटतें. पण एक काडतूस नळीच्या मागच्या टोकांत राहिलेलें असूं शकतें. अशा ‘रिकाम्या’ पिस्तुलांनीं अनेक अनर्थ घडले आहेत. रिव्हॉल्वरचें चक्र बाजूला काढलें कीं सहाहि घरें एका दृष्टिक्षेपांत दिसतात. ज्या घरांत लहान मूल आहे तेथें हा गुण मी फार मोठा मानतों.

आणि धक्क्यावर एक सुंदर तोड आहे. ४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्यें ‘४४ स्पेशल’ नांवाचें जुनें, सौम्य काडतूसहि चालतें. मॅग्नमचें काडतूस मुद्दाम सुमारें तीन मिलिमीटर लांब केलेलें आहे, म्हणून तें स्पेशलच्या शस्त्रांत बसत नाहीं. उलट मात्र चालतें. म्हणजे एकाच शस्त्रांत बालबोध इयत्ता आणि वरची इयत्ता दोन्ही आहेत. मात्र स्पेशल पुष्कळ झाडल्यावर घरांत काजळीचें कडें जमतें. तें साफ केल्यावांचून मॅग्नम भरूं नये.

तेव्हां मीं लिहिलें: केवळ सपाट शहरांत राहत असतास तर ४५ पुरेसें होतें. तुझें काम ओढ्याकांठचें, म्हणून रिव्हॉल्वर घे. पण पहिले कांहीं महिने शिक्षकाच्या देखरेखीखालीं स्पेशलच वापर. घरीं शस्त्र रिकामें करून कुलपांत ठेव, काडतुसें वेगळ्या कुलपांत, आणि दोन्ही किल्ल्या स्वतःजवळ. ओढ्यावर जातांना अस्वलाला परतविणारा मिरचीचा फवाराहि ने. तेथील जाणते लोक तो आवर्जून सुचवितात.

आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें परवान्यावांचून असें शस्त्र बाळगतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. परंतु परवाना कागदावर मिळतो. पात्रता हाताला व मनाला मिळवावी लागते. पहिलें शस्त्र निवडतांना तें किती मारील हें न विचारतां, मला तें किती आवरेल हें विचारावें.

परवां त्याचें उत्तर आलें. हिवाळाभर तो स्पेशलवरच सराव करीत होता. पत्राच्या शेवटीं एकच ओळ होती: “गुरुजी, आतां डोळे मिटत नाहींत.”