शिबिराचं मानधन आणि गटाचा हप्ता



एप्रिल लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. पोरगी बारावी झाली, बीए करते आहे, सुट्टीत घरी आहे. लहान मुलांच्या उन्हाळी शिबिरात ताई म्हणून तिला बोलावणं आलं आहे. गाणी, खेळ, वाचन घ्यायचं. काम आवडीचं, पण मानधन थोडं. माय म्हणते, गटाचा हप्ता कशातून भरू? पोरगी म्हणते, दरवेळी पैसाच पाहायचा का? दोघींचंही खरं आहे. म्हणून आज भांडण बाजूला ठेवून हिशोब कसा मांडायचा ते पाहू.

पहिलं म्हणजे, मानधन सांगतात तेवढं सगळं घरात येत नाही. समजा, शिबिर २४ दिवसांचं आणि मानधन ५,००० रुपये आहे. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. तरी जाऊन-येऊन रोजचे ४० धरले तर ९६० रुपये झाले. चहा-नाश्ता आणि मोबाईलचा रिचार्ज मिळून ३४० धरा. हातात उरले ३,७००. म्हणजे दिवसाला दीडशेच्या जरा वर.

दुसरं, शिबिराला गेल्यामुळे कोणतं काम सुटतं? रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. २४ दिवसांचे ७,४८८ होतात. त्यापुढे शिबिर निम्म्यावरच दिसतं. पण २४ दिवस काम खरंच मिळतं का? मागच्या उन्हाळ्यात मस्टरवर किती दिवस नाव होतं, ते पासबुकात पाहा. १२ दिवसच काम मिळालं असेल तर ३,७४४ होतात, म्हणजे शिबिराएवढेच. मोजमापाप्रमाणे मजुरी कमी भरली तर त्याहूनही कमी. म्हणून तुलना दराशी करू नका, मागच्या वर्षी प्रत्यक्ष हातात आलेल्या पैशाशी करा.

तेंदूपत्त्याचंही तसंच. हंगाम थोड्या दिवसांचा, पण घरातले सगळे राबले तर रोख रक्कम बरी येते. पहाटे जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, मग बसून पुडके बांधायचे. कोका किंवा पवनीकडच्या जंगलात वाघाची धास्ती असते, तीही हिशोबात धरा. शिबिर दुपारनंतरचं असेल तर पोरगी सकाळी पुडके बांधायला हात लावू शकते. दोन्ही कामं जमतात का, हे आधी विचारा.

तिसरं, पैसा कधी येतो? गटाचा हप्ता ठरल्या तारखेला भरावाच लागतो, मानधन मात्र बहुतेक ठिकाणी शिबिर संपल्यावर मिळतं. मधल्या काळासाठी गटातून २,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं, तर शेकडा दोन रुपयांनी दोन महिन्यांचं व्याज ८० रुपये होतं. ते शिबिराच्या खर्चात धरा. पण हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं आठवड्याच्या फेडीचं कर्ज काढू नका. आणि आपला हप्ता थकला तर तो एकटीचा राहत नाही. बँकेत सगळ्या गटाचं नाव खराब होतं, पुढचं कर्ज दहाही जणींचं अडतं.

चौथं, पुढे काय येणार आहे? आपल्याकडे शाळा जूनअखेरीस उघडतात. त्याच सुमारास धानाचं बी, खत, नांगरणी आणि मग रोवण्याची मजुरी. हे सगळं कागदावर लिहा. घरात दुसरीकडून येणारा पैसा त्यातून वजा करा. जे उरेल, तेवढे पैसे पोरीच्या कमाईतून लागतात. शिबिरातून तेवढे निघत असतील तर तिला आनंदानं पाठवा. दोनचारशे कमी पडत असतील तर संस्थेला प्रवासखर्च मागा. मागण्यात कमीपणा नाही. फारच कमी पडत असतील तर या वर्षी नाही म्हणा. त्यानं पोरीचं शिक्षण वाया जात नाही.

मात्र एक सांगते. घरात मुलगा असेल तर त्याची सुट्टीही याच कागदावर लिहा. हप्ता घराचा आहे, मग एकट्या पोरीच्याच उन्हाळ्याचा हिशोब का?

"अनुभव मिळेल" असं संस्थावाले सांगतात. अनुभव मोलाचा आहे, पण कशासाठी ते विचारा. पोरीला पुढे शिक्षिका व्हायचं असेल तर चाळीस मुलं सांभाळायची सवय कामी येईल. प्रमाणपत्रानं नोकरी लागेल, असं मात्र धरून चालू नका. अंगणवाडी सेविकेसाठी बारावी पास ही अट आहे. बाकी गुण कशाला मिळतात, ते भरतीच्या जाहिरातीतच वाचा.

होकार देण्याआधी पाच गोष्टी लिहून घ्या: किती दिवस, किती तास, किती रुपये, कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात. खातं पोरीच्या स्वतःच्या नावाचं असू द्या. मे महिन्याच्या उन्हात परत यायची सोय काय, हेही विचारा.

पुढच्या बैठकीला हा कागद घेऊन या. पोरीलाही सोबत आणा. हिशोब तिच्यासमोर झाला, तर उत्तर हो असो की नाही, ते तिला पटेल.