माध्यमिक शाळेतील अध्ययनविषय

माध्यमिक शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विषयांचा समूह व त्यांच्या निवडीची पद्धती. शाळेच्या आठवड्यातील तासिका मोजक्याच असल्याने नवा विषय घेताना जुन्याचा वेळ कमी करावा लागतो. त्यामुळे विषयनिवड हा केवळ अध्यापनशास्त्राचा प्रश्न राहत नाही. भाषा, व्यवसाय व सामाजिक प्रतिष्ठा यांच्या ओढाताणीतून ती ठरते. महाराष्ट्रातील इतिहासावरून हे स्पष्ट दिसते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा (मॅट्रिक) घेण्यात आली. या परीक्षेचे विषय तेच माध्यमिक शाळांचे विषय होऊन बसले. इंग्रजीस अग्रस्थान होते. संस्कृत, फार्सी, लॅटिन या अभिजात भाषांना मान होता. मराठीची जागा दुय्यम होती. देशी भाषांना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात स्थान मिळावे म्हणून न्या. महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. हंटर आयोगाने (१८८२) माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या टप्प्यावर दोन शाखा सुचविल्या : एक विद्यापीठाकडे नेणारी व दुसरी व्यापारउदीम व व्यवहारोपयोगी विषयांची. दुसरी शाखा फारशी रुजली नाही. सरकारी नोकरीची वाट मॅट्रिकमधून जाते, हे पालक आयोगापेक्षा अधिक चांगले ओळखून होते.

स्वातंत्र्योत्तर काळात मुदलियार आयोगाने (१९५२-५३) भाषा, सामाजिक अभ्यास, सामान्य विज्ञान (गणितासह) व एक हस्तव्यवसाय हे सर्वांसाठी समान विषय ठेवून त्यांच्या जोडीला सात वैकल्पिक गट सुचविले. ते मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला व गृहविज्ञान हे होत. कल्पना उदार होती. परंतु कर्मशाळा, शेतजमीन व प्रशिक्षित शिक्षक यांवाचून बहुउद्देशीय शाळा कागदावरच बहुउद्देशीय राहण्याचा धोका होता. त्याहून गंभीर दोष असा, की तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने बीजगणित व भूमिती टाळून सोपे अंकगणित घेतले, की विज्ञान व अभियांत्रिकी यांची दारे त्याला बंद होत. ही निवड वस्तुतः मुलाची नसे; घरची परिस्थिती, शाळेतील सोयी आणि मुलींच्या बाबतीत रूढ समजुती ती त्याच्या वतीने करीत.

म्हणून कोठारी आयोगाने (१९६४–६६), ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, पहिली दहा वर्षे सर्वांना समान सर्वसाधारण शिक्षण द्यावे, गणित व विज्ञान सर्वांना अनिवार्य करावे आणि कार्यानुभवाची जोड द्यावी, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात दहा वर्षांच्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. समानतेची किंमतही मोजावी लागली. ज्यांचा कल गणिताकडे नाही, अशा अनेकांच्या अपयशाचे कारण तोच विषय ठरला.

त्रिभाषा सूत्रानुसार राज्य मंडळाच्या शाळांत तीन भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे हे मुख्य परीक्षाविषय होत. तीन भाषा म्हणजे सहा मुख्य विषयांपैकी निम्मे. इतर अनेक देशांच्या तुलनेत हा भार मोठा आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची करण्यात आली. सहांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरण्याची पद्धत २०१० मध्ये सुरू झाली. चित्रकला, शारीरिक शिक्षण व कार्यानुभव यांना श्रेणी दिली जाते. परिणामी परीक्षा जवळ आली, की वेळापत्रकातील त्यांची तासिका गणित वा इंग्रजीकडे जाते, हे सर्वपरिचित आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान तसेच व्यावसायिक व शैक्षणिक विषय यांतील भिंती शिथिल करून माध्यमिक टप्प्यावर अधिक विकल्प देण्याचे सुचविले आहे. मात्र नियमाने दिलेला विकल्प शाळेत कितपत उतरतो, हे तेथील शिक्षकांवर अवलंबून असते. हिंदीबरोबर अर्धे संस्कृत घेण्याची संयुक्त अभ्यासक्रमाची सोय आहे. पण जेथे संस्कृतचा शिक्षक नाही, तेथे सर्व विद्यार्थी पूर्ण हिंदीच घेतात. तांत्रिक विषयांची स्थिती अशीच असून कर्मशाळा असलेल्या शाळा मुख्यतः शहरांत व मोठ्या गावांत आढळतात.