आगाऊ निर्णयाची किंमत

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. चार वर्षांची पदवी, ‘एमकॅट’ ही प्रवेशपरीक्षा, शिफारसपत्रे आणि रुग्णसेवेचा अनुभव एवढी शिदोरी बांधून विद्यार्थी अर्ज करतो. तरीही निम्म्याहून अधिक अर्जदारांच्या पदरी निराशाच येते. २०२४ साली ‘एम.डी.’ या तेथील पहिल्याच वैद्यकीय पदवीसाठी सुमारे ५२ हजार अर्जदार होते आणि प्रवेश मिळाला तो सुमारे २३ हजारांना. अशा परिस्थितीत एखादे महाविद्यालय ‘फक्त आमच्याकडे अर्ज करा, आम्ही लवकर उत्तर देऊ’ असे म्हणत असेल, तर विद्यार्थ्याला मोह पडणे स्वाभाविक आहे. ‘अर्ली डिसिजन’ अर्थात आगाऊ निर्णय या नावाची ही योजना स्वीकारावी की नाही, हा तेथील अनेक घरांत, आणि त्यात मराठी घरेही आली, दर उन्हाळ्यात उभा राहणारा प्रश्न आहे.

योजनेचे नियम मोजकेच, पण कडक आहेत. १ ऑगस्टपर्यंत एकाच महाविद्यालयाकडे अर्ज करावयाचा. १ ऑक्टोबरपर्यंत निकाल मिळतो. तोवर देशातील दुसऱ्या कोणत्याही ‘एम.डी.’ महाविद्यालयाकडे अर्ज करता येत नाही. प्रवेश मिळाला तर तो घ्यावाच लागतो. नाकारला गेला तरच इतर दारे मोकळी होतात.

महाविद्यालयांना अशी योजना का हवी असते? सर्वसाधारण अर्जदार सरासरी १८ महाविद्यालयांकडे अर्ज पाठवितो आणि प्रत्येकाला ‘आपणच माझी पहिली निवड’ असे कमीअधिक शब्दांत कळवितो. बोलायला पैसा लागत नाही, म्हणून अशा बोलण्यावर कोणी विश्वासही ठेवीत नाही. जो संकेत देण्यासाठी पदरचे काही मोजावे लागते, तोच विश्वासार्ह ठरतो, हा मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेला सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो. एकाच ठिकाणी अर्ज करणारा विद्यार्थी आपली निष्ठा सिद्ध करतो, ती इतर पर्यायांचा त्याग करून. महाविद्यालयाला निश्चित येणारा विद्यार्थी मिळतो. प्रश्न एवढाच, की या व्यवहारात विद्यार्थ्याला काय मोजावे लागते?

पहिली किंमत अपयशाची. तेथील बहुतेक महाविद्यालये अर्ज येतील तसतसे तपासतात. जूनमध्ये अर्ज पाठविणाऱ्यांच्या मुलाखती ऑगस्टपासूनच सुरू होतात. ऑक्टोबरमध्ये नकार पदरी घेऊन निघालेला विद्यार्थी या रांगेच्या शेपटाला उभा राहतो. गुणवत्ता तीच, पण जागा कमी उरलेल्या. पुष्कळदा याचा अर्थ एक वर्ष वाया जाणे असा होतो.

दुसरी किंमत यशाची आहे आणि ती सहसा लक्षात येत नाही. कर्ज काढून शिकणाऱ्या अमेरिकन डॉक्टरच्या डोक्यावर पदवीच्या वेळी साधारणतः दोन लाख डॉलरचे शैक्षणिक कर्ज असते. दोन-तीन महाविद्यालयांत प्रवेश मिळालेला विद्यार्थी त्यांच्या शिष्यवृत्त्या ताडून पाहू शकतो, क्वचित एकीचा दाखला देऊन दुसरीकडे वाढवूनही मागू शकतो. आगाऊ वचन दिलेल्याला तो मार्ग बंद होतो. तात्पर्य, ज्याच्या घरी पैशाचा प्रश्न नाही त्याला हे वचन स्वस्तात पडते आणि ज्याला शिष्यवृत्तीवाचून गत्यंतर नाही त्याला ते महाग पडते. निष्ठा दोघांची सारखीच, दाम मात्र वेगळे.

म्हणून ही वाट कोणी धरावी, याचे उत्तर मर्यादित आहे. ज्याचे गुण त्या महाविद्यालयात प्रवेश मिळणाऱ्यांच्या सरासरीहून स्पष्टपणे वर आहेत, जो त्याच राज्याचा रहिवासी आहे किंवा ज्याचे त्या परिसराशी घट्ट नाते आहे, आणि शिष्यवृत्तीचा एक डॉलरही न मिळाला तरी जो तेथेच जाईल, त्याने प्रवेश कार्यालयाशी आधी बोलून अर्ज करावा. कमी गुण झाकण्याचे साधन म्हणून या योजनेकडे पाहणाऱ्याने मात्र दूर राहिलेले बरे.

तथापि प्रश्न केवळ विद्यार्थ्याच्या शहाणपणाचा नाही. तो व्यवस्थेच्या रचनेचाही आहे. अमेरिकेतील वैद्यकीय क्षेत्राने हाच पेच दुसऱ्या टप्प्यावर पूर्वीच सोडविला आहे. १९४० च्या दशकात रुग्णालये पदवीच्या दोन-दोन वर्षे आधी विद्यार्थ्यांना गाठून उमेदवारीच्या जागा देऊ लागली होती. त्या घाईला कंटाळून १९५२ साली मध्यवर्ती जुळणीची पद्धत आली. विद्यार्थी आपला पसंतिक्रम देतो, रुग्णालये आपला देतात आणि जुळणी एकाच दिवशी जाहीर होते. डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली अशा जुळणीचे गणित मांडले. पुढे आल्विन रॉथ यांनी प्रत्यक्षातील पद्धतीचा अभ्यास व सुधारणा केली. शॅप्ली व रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या जुळणीचा निकालही बंधनकारकच असतो. परंतु पहिली पसंती हुकली, तर दुसरीची संधी त्यामुळे कमी होत नाही. महाराष्ट्रातील अकरावीच्या केंद्रीय प्रवेशातही पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास ते घ्यावे लागते. न मिळाल्यास त्याच फेरीत यादीतील पुढच्या नावाचा विचार होतो. दोष बंधनात नाही. एका दाराशी प्रामाणिक राहिल्याबद्दल बाकीच्या दारांशी रांगेत मागे ढकलले जाणे, हा खरा दोष आहे. विद्यार्थ्याने आपली खरी पसंती सांगावी अशी अपेक्षा असेल, तर खरे बोलण्याचा दंड त्याच्याकडून वसूल होणार नाही, याची हमी व्यवस्थेने दिली पाहिजे. ती मिळेपर्यंत बावीस वर्षांच्या अर्जदाराने स्वाक्षरी करण्यापूर्वी निष्ठेबरोबरच हिशेबही करावा, यात गैर काही नाही.