प्राचीन तगर अर्थात तेर : इतिहास आणि पर्यटनस्थळे

धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीकाठी वसलेले तेर हे गाव महाराष्ट्रास संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून परिचित आहे. चैत्र वद्यातील यात्रेस वारकऱ्यांची येथे मोठी गर्दी होते. समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या बहुसंख्य भाविकांस मात्र, आपण सातवाहनकालीन व्यापारी नगराच्या पांढरीवर उभे होतो, याची कल्पना नसते. प्रस्तुत लेखात या नगराचा व तेथील प्रेक्षणीय स्थळांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवास-वर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ हे मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. येथील जाडेभरडे कापड, मलमल इत्यादी माल गाड्यांमधून, रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोच बंदरात जात असे. शिलाहार राजेही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत. तरीही हे तगर नेमके कोणते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. देवगिरी, जुन्नर अशी नावे सुचविली गेली. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे साधार मांडले.

वास्तूंमध्ये त्रिविक्रम मंदिर अग्रगण्य होय. विटांनी बांधलेल्या या मंदिराची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून छत गजपृष्ठाकार आहे. लेण्यांमधील चैत्यगृहांशी असलेले हे साम्य पाहून हेन्री कझेन्स यांनी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत मांडले. आज आत त्रिविक्रमरूपी विष्णूची मूर्ती आहे. भारतात अशा उभ्या वास्तू अत्यल्प आहेत. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील मंदिर हे त्यांपैकी एक. उत्तरेश्वर मंदिरही विटांचेच असून त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट विशेष प्रसिद्ध आहे.

तेरचे खरे वैभव मात्र मातीखाली होते. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर टेकाडांवरून मणी, मृण्मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्या, दिवे गोळा केले. पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण नसतानाही त्यांनी दाखविलेली दृष्टी आपणा प्राध्यापकवर्गास विचार करावयास लावणारी आहे. त्यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला व त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय येथे उभे राहिले. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे, इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी निकटचे साम्य आहे. रोमन धाटणीच्या वस्तूंसह ही मूर्ती पाहिली असता ‘पेरिप्लस’मधील त्रोटक नोंद एकाएकी सजीव होते. पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या विटाही येथे पाहावयास मिळतात. सहलीतील विद्यार्थ्यांचे कुतूहल बहुधा तेथेच सर्वाधिक जागे होते.

1958 पासून येथे वेळोवेळी उत्खनने झाली. परंतु जुन्या नगरावरच आजचे गाव वसलेले असल्याने प्रत्येक नव्या घराच्या पायाबरोबर प्राचीन थर विस्कटण्याचा धोका राहतो. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी अशा खोदकामाच्या वेळी उपस्थित राहून निदान मिळालेल्या वस्तूंची व थरांची नोंद ठेवावयास हवी.