पायमशीनवरची वाकळ : वेळ वाचतो, ऊब तीच राहते



शेवटची मोळी गव्हाणीत पडली, पट्टा पडला, की उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्या भागात घरोघर एक काम निघायचं. ते म्हणजे वाकळा शिवायचं. कुणी तिला गोधडी म्हणतं, सीमेपलीकडं कर्नाटकात कौदी म्हणतात. वस्तू एकच. विरलेली लुगडी, धोतरं, सदरे एकावर एक ठेवून धावदोऱ्यानं बांधलेली ऊब.

हे काम आता मागं पडत चाललं आहे. हाती शिवायची तर वाकळ दिवसेंदिवस मांडीवरून हलत नाही. खुरपणी, जनावरं, धारा, पोरांची शाळा यातून तेवढा वेळ बाईनं काढायचा कुठून? मग जुनी लुगडी बोहारणीच्या गाठोड्यात जातात नि बदल्यात एखादं पातेलं घरात येतं. सासूचं, आईचं लुगडं गेलं ते गेलंच. आणि त्याच घरात, रुखवतात आलेली शिलाई मशीन कोपऱ्यात झाकून बसलेली असते. पोलकं, उशीचा अभ्रा, फॉल यापलीकडं तिला काम नाही.

"मशीनवर वाकळ होत नाही" असं पुष्कळ बायका म्हणतात. आम्ही खोदून विचारलं तेव्हा खरं कारण निराळंच निघालं. होत नाही असं नव्हे, भीती वाटते. सुई मोडेल, कापड गोळा होईल, आईचं लुगडं वाया जाईल. या भीतीवर उपाय आहे, आणि तो पाय जोरात मारण्यात नाही. तो आधीच्या तयारीत आहे.

आधी हिशोब बघा

ऊस लावताना आपण सरी मोजतो, तशी वाकळही मोजावी. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट. पन्हा साधारण ४५ इंच. त्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा. एकावर एक ठेवले की एका माणसाची चौपदरी वाकळ तयार. वेगळं भरण लागत नाही.

हाती शिवताना ओळी बोटाच्या अंतरानं, म्हणजे पाऊण इंचानं पडतात असं धरू. ४५ इंचांत ६० ओळी, म्हणजे जवळजवळ ४०० फूट टाके. मशीनच्या टाक्यात वरचा नि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात, म्हणून ओळी विरळ चालतात. दोन इंचांवर घेतल्या तर २२ ओळी, सुमारे १५० फूट. काम निम्म्याहून कमी झालं, आणि टाका घालायला मशीन. वेळ वाचतो तो इथं.

कापड निवडताना

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. नवं सुती कापड मिसळायचं असेल तर तेही आधी भिजवा, नाही तर पहिल्याच धुण्यात ते आटतं नि वाकळ आखडते. लुगडं उजेडाकडं धरून पाहा. जिथं जाळी दिसते तो भाग आतल्या पदरात घाला. सुतीबरोबर सुतीच घ्या. नायलॉनचं पातळ सुईखाली घसरतं, नवशिक्या हातानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

तुकड्यांची वाकळ करायची असेल तर कात्रीनं एकेक चौकोन कापत बसू नका. सुती कापडाला काठाजवळ छोटी चीर द्या आणि सरळ फाडा. ते उभ्या-आडव्या दोऱ्यावरच फाटतं, पट्टी आपोआप सरळ निघते. दोन रंगांच्या लांब पट्ट्या आधी एकमेकींना जोडा, मग आडव्या कापा, आणि एक तुकडा उलटा फिरवून शेजाऱ्याला जोडा. चौकटी झाल्या. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या सेमिनोल आदिवासी बायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मशीनवर हीच युक्ती वापरून आपल्या कपड्यांची नक्षी बसवली. अंगठ्याएवढे तुकडे त्यांनी एकेक करून जोडले नाहीत. पट्ट्या जोडल्या, कापल्या, पुन्हा जोडल्या.

आणखी एक. तुकड्यांची एक जोडी शिवून झाली की दोरा तोडू नका. दुसरी जोडी लगेच सुईखाली सरकवा, मग तिसरी. तोरणासारखी माळ निघेल. शेवटी बसून एकदाच कात्रीनं सुटी करा. दोराही वाचतो, वेळही.

टाचणात कंटाळा नको

मशीनची वाकळ बिघडते ती बहुधा मशीनवर नव्हे, जमिनीवर. पदर नीट अंथरले नाहीत की सगळं फसतं. फरशी झाडून खालचा पदर अंथरा, चारी बाजूंनी ताणा, कोपऱ्यांवर डबे ठेवा. त्यावर एकेक पदर टाकून तळहातानं मधून कडेकडं सुरकुती काढत जा. मग वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावा, किंवा मोठे कच्चे टाके घाला. सुरुवात मधून करायची, कडेनं नाही. कडेनं केली तर सगळा फुगवटा मध्ये येऊन बसतो आणि तो पुन्हा जात नाही.

आता मशीनवर

सुई १६ नंबरची लावा, पदर जाड असतील तर १८. टाका मोठा ठेवा, इंचाला आठाच्या आसपास. फुटाचा दाब थोडा सैल करा, म्हणजे वरचा पदर मागं ढकलला जाणार नाही. चार-पाच बॉबिन आधीच भरून ठेवा. ओळीच्या मध्येच दोरा संपला की रंगाचा बेरंग होतो.

मशीनच्या मागं नि डाव्या हाताला खाट किंवा टेबल लावा. वाकळेचं ओझं खाली लोंबकळलं की ते कापडाला ओढतं, टाका वाकडा पडतो आणि सुई मोडते. सुया मोडण्याचं हे मोठं कारण आहे, आणि उपाय फुकटचा आहे.

वाकळ दोन्ही बाजूंनी वळकटीसारखी गुंडाळा, मधली पट्टी उघडी ठेवा. उजवीकडची वळकटी मशीनच्या कमानीतून जाईल. पहिली ओळ बरोबर मध्यावर. मग उजवी बाजू कडेपर्यंत पुरी करा, वाकळ फिरवा आणि दुसरी बाजू तशीच मधून कडेकडं करा. एका बाजूच्या सगळ्या ओळी एकाच टोकाकडून सुरू करा. एक खालून, एक वरून केली तर पदर तिरके सरकतात. पिना सुईपर्यंत येण्याआधी काढत चला. आखणीला खडू हवाच असं नाही. चौकड्याचं लुगडं असेल तर त्याची रेघच आपली दोरी. शेवटी त्याच लुगड्याच्या काठाची पट्टी कडेला दुमडून शिवा.

हात बसेल कसा?

पहिल्या दिवशी मोठी वाकळ घेऊ नका. वहीचा रेघांचा कागद घ्या, सुईतला दोरा काढा आणि रेघेवरून नुसती भोकं पाडत जा. शिवणवर्गात हेच पहिलं शिकवतात. पाय कधी सुरू करायचा यापेक्षा कधी थांबवायचा हे आधी शिकायचं. हात चाकावर ठेवून थांबा. चाक उलटं फिरलं तर दोरा तुटतो.

कागद जमला की दोन फुटांचं बसकर. ते वाकडं झालं तरी काय बिघडलं, त्यावर बसायचंच आहे! मग बाळाचं दुपटं. दुपटं अंगावर खेळवलं की कमानीतून कापड वळवायचा हात बसतो. त्यानंतर वाकळ. आईचं लुगडं घ्यायचं ते त्या वेळी, आधी नाही. आपण नवं वाण एका सरीत लावून बघतो, एकदम सगळं रान देत नाही. तसंच हे.

"मशीनची ती काय वाकळ?" असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील. जगभर असंच म्हटलं गेलं. अमेरिकेतही हाती शिवलेलीच खरी, अशी समजूत फार दिवस होती. १९८९ साली केंटकी राज्यातल्या पडूका गावी भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट या बाईंच्या मशीनवर टाके घातलेल्या गोधडीला सर्वोच्च बक्षीस मिळालं, आणि तो वाद पुष्कळसा मिटला.

हाताचं काम संपलं असं मात्र नव्हे. सहा-सात पदरांची जाड वाकळ घरगुती मशीन ओढत नाही, ती हातीच शिवावी. रेशमी लुगडंही हातीच. उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळकडचे सिद्दी लोक आपल्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय ती त्यांना उघडी वाटते. तसं आपणही मधल्या ओळी मशीनवर घ्याव्यात आणि कडेचा शेवटचा फेरा आजीच्या हातचा ठेवावा. आणि कुणी विकायला वाकळ शिवत असेल तर मशीनची ती मशीनची म्हणूनच सांगावी. हातमालाची किंमत हातमालालाच मिळाली पाहिजे.

सभासद बंधूंना एक विनंती. हे पान वाचून घडी घालू नका, घरात द्या. मशीनला तेल घाला, पट्टा सैल असेल तर बदलून आणा, आणि मागं खाट तुम्हीच सरकवून द्या. बोहारीण दारात आली तर तिला म्हणावं, "या खेपेला लुगडी नाहीत." पुढच्या हंगामात टोळ्या येतील, थंडीत कोपी उभ्या राहतील. हात बसला असेल तर एक दुपटं तिकडंही जाऊ द्या.