तुंब्यातले गिअर आणि लांबचा सायकलप्रवास

उत्तनच्या किनाऱ्यावर ज्या वाऱ्यात बोंबील वाळतात, त्याच वाऱ्यात सायकलही गंजते. लांबच्या प्रवासाला निघणारी मंडळी हल्ली मागच्या चाकाला अनेक दातेरी चकत्या असलेली सायकल घेतात. चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग उघडाच असतो. खारी हवा, पुळणीची वाळू, सारे तिथे जाऊन बसते. आणि सायकल कलंडली की बहुधा तोच आधी वाकतो. यावर जुना तोडगा असा, की गिअर चाकाच्या तुंब्यातच बंद करून टाकायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात नॉटिंगहॅमला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा तुंबा निघाला, तो याच जातीचा.

आत काय असते? आसावर एक लहान दातेरी चाक पक्के बसवलेले; ते फिरत नाही. त्याच्याभोवती आणखी लहान चाके फिरतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. सर्वांच्या बाहेर, आतून दाते असलेले कडे. जुन्या प्रचलित नमुन्यात सूर्याला २० आणि कड्याला ६० दाते असतात. चेनने कडे फिरवले व ग्रहांच्या चौकटीने तुंबा ओढला, तर कड्याच्या चार फेऱ्यांत तुंब्याचे तीन होतात. हा चढाचा गिअर. उलट जोडणी केली की तिनाचे चार. मधला गिअर जसाच्या तसा. शिक्षकांनी अशी सायकल मिळाल्यास वर्गात उलटी करून ठेवावी, टायरवर खडूची खूण करावी. पुढे ४४ व मागे २२ दाते असतील, तर पायडलच्या तीन फेऱ्यांत चाकाचे साडेचार, सहा आणि आठ फेरे मुले स्वतः मोजतील. गुणोत्तर शिकवायला याहून चांगले साधन मला तरी ठाऊक नाही!

दुसरा लाभ असा, की हा गिअर उभ्याउभ्याही बदलता येतो. चढावर बससाठी थांबावे लागले, तरी हलका गिअर लावून निघता येते.

मात्र सामान लादून कुंभार्ली घाट चढायचा, तर तीन गिअर अपुरेच. जर्मनीच्या रोहलॉफने १९९८ साली चौदा गिअरांचा तुंबा आणला. हलक्या-जड टोकांत सव्वापाच पट अंतर. तेल ५००० किलोमीटरांनी किंवा वर्षाने बदलायचे. पण त्याच्या किमतीत साध्या सायकली कितीतरी येतील, आणि बिघडला तर वाटेवरचा मिस्त्री तो उघडणार नाही. आपल्या किनाऱ्याने फिरणाऱ्याने तीन गिअरांवर मागची चकती जरा मोठी बसवावी, हे मला पटते. फार मोठी नको. आतल्या दात्यांवर ताण येतो.

एक मात्र बघा. जुन्या नमुन्यात तार ढिली असली, तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल एकाएकी मोकळे फिरते, आणि उभे राहून जोर लावणारा तोल जाऊन पडतो. म्हणून निघण्यापूर्वी तार तपासावी, आणि मागच्या चाकाच्या नटांचा पाना पिशवीत टाकावा. पंक्चर झाले तर चाक त्याशिवाय निघत नाही.